संडासाच्या भिंतीवरची नावं

बागेचा इतिहास म्हटलं की मालकाचं नाव येतं. खड्डे खणणाऱ्याचं कुठं येतं? एका बागेच्या इतिहासात ते आलं. कुठं आलं, तेच मी सांगतो.

इंग्लंडात कॉर्नवॉल भागात हेलिगन नावाची ट्रेमेन घराण्याची जहागीर. चारशे वर्षं त्यांच्याकडं. १९व्या शतकात त्यांनी दरीत जंगलासारखी बाग केली. बांबू, झाडाएवढे नेचे, ऱ्होडोडेंड्रॉन. यातल्या काही ऱ्होडोडेंड्रॉनचं बी हूकर या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८४८ ते १८५० मधी सिक्कीमकडल्या डोंगरांतून गोळा केलेलं. हूकरचं नाव झालं. ओझी वाहणारे लेपचा, भोटिया हमाल बिननावाचेच राहिले.

१९१४च्या ऑगस्टात महायुद्ध पेटलं. बागेतल्या गड्यांनी आपल्या संडासाच्या भिंतीवर पेन्सिलीनं नावं लिहिली, महिना अन् साल टाकलं. मग लढाईवर गेले. कित्येक परतलेच नाहीत. बाग झुडपात बुडाली.

१९९० साली टिम स्मिट अन् घराण्यातलाच जॉन विलिस झाडी तोडत आत शिरले. पडझडीखाली ती खोली सापडली, नावं सापडली. २०१३ साली लंडनच्या युद्ध संग्रहालयानं त्या संडासाला जिवंत स्मारक मानलं.

सिक्कीमच्या हमालांना अशी भिंतसुद्धा मिळाली नाही. आपल्या गावची विहीर कुणी खणली, मळा कुणी शिंपला? म्हातारी माणसं हायेत तोवर विचारा. नावं लिहून घ्या.