लुआरकाठचे नाँत आणि आपली कवडी

फ्रान्सला जाऊन आलो म्हटले की पहिला प्रश्न येतो तो आयफेल टॉवरचा. तो मी लांबून पाहिला. माझे सहा दिवस गेले ते नाँत या शहरात, कारण भाचा तिथे शिकतो आणि राहण्याची सोय फुकट होती. सरकारी कारकुनाला एलटीसीवर परदेश मिळत नाही, तेव्हा प्रवास स्वतःच्या खिशातून, हे आधीच सांगून टाकतो.

नाँत फ्रान्सच्या पश्चिमेला, लुआर नदीच्या काठी आहे. अटलांटिक महासागर तिथून पन्नासेक किलोमीटरवर. तरीही भरतीचे पाणी शहरापर्यंत चढते, आमच्या मांडवीसारखेच. मात्र गावात फिरताना एक गोष्ट चटकन खटकते. रस्त्यांच्या नावांत ‘के’ हा शब्द वारंवार दिसतो. के म्हणजे धक्का. पण समोर पाणी कुठेच नाही, ट्राम धावते आणि गवत उगवलेले आहे. एकेकाळी लुआरचे फाटे शहराच्या मधूनच वाहत होते. 1926 ते 1946 या काळात त्यांतले बरेचसे भराव टाकून बुजवले गेले. नदी गेली, धक्क्यांची नावे राहिली.

किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगतो. ब्रिटनीच्या ड्यूकांचा हा किल्ला, बाहेरून काळसर तटबंदी आणि खंदक, आत पांढऱ्याशुभ्र दगडाचा महाल. डचेस आन हिचा जन्म 1477 मध्ये इथलाच. तिने एकामागून एक फ्रान्सच्या दोन राजांशी लग्न केले आणि पुढे 1532 साली ब्रिटनी फ्रान्समध्ये विलीन झाली. शाळेच्या इतिहासात भेटणारा ‘नाँतचा जाहीरनामा’, ज्याने प्रॉटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा दिली, तो चौथ्या हेन्रीने 1598 साली याच शहरात काढला. 1685 मध्ये चौदाव्या लुईने तो रद्द केला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1793-94 च्या हिवाळ्यात, कारिए नावाच्या अधिकाऱ्याने हजारो कैद्यांना होड्यांत कोंबून लुआरमध्ये बुडवले. त्यात पहिला बळी पाद्र्यांचा होता. पुढे त्यालाही गिलोटिन मिळाले. इतके सगळे एका नदीने पाहिले आहे, पण मला लिहायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी.

किल्ल्यापासून चालत थोडे गेले की फेदो बेट लागते. बेट हे आता नावापुरते, दोन्ही बाजूंचे फाटे बुजलेले. अठराव्या शतकात व्यापाऱ्यांनी इथे वाळूवर लाकडाचा पाया घालून चार-पाच मजली हवेल्या उभारल्या. पाया खचल्यामुळे त्यांतल्या काही आज चक्क कललेल्या आहेत. खिडक्यांवर आणि दारांवर दगडात कोरलेले चेहरे आहेत. त्यांत दाढीवाला समुद्रदेव आहे, चाचे आहेत आणि मधूनच जाड ओठांचा, कुरळ्या केसांचा आफ्रिकी माणूसही आहे. भाचा म्हणाला, "मामा, ह्याच माणसांच्या पैशांतून ही घरे उभी राहिली."

याच बेटावर 1828 मध्ये ज्यूल व्हर्न जन्मला. तो भारतात कधी आला नाही, पण 1880 साली त्याने वाफेवर चालणाऱ्या पोलादी हत्तीची कादंबरी लिहिली. हत्ती इंग्रज प्रवाशांना घेऊन उत्तर हिंदुस्थानभर फिरतो आणि कथेतला खलनायक कोण, तर आपले बिठूरचे नानासाहेब पेशवे! शहराच्या जुन्या गोदीच्या जागी 2007 पासून लाकूड आणि पोलादाचा बारा मीटर उंच हत्ती पर्यटकांना पाठीवर घेऊन डुलत चालतो आणि सोंडेतून पोरांवर पाणी उडवतो. व्हर्नचीच ती कृपा. रांगेतल्या किती जणांना नानासाहेब ठाऊक असतील कोण जाणे.

असो. तर हवेल्यांच्या पैशांविषयी. अठराव्या शतकात नाँत हे फ्रान्सचे सर्वात मोठे गुलाम-व्यापारी बंदर होते. इथून जहाज निघे ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे माल देऊन माणसे घ्यायची, ती कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत विकायची आणि साखर, कॉफी भरून परत यायचे. नाँतच्या जहाजांनी अशी साडेचार लाखांहून अधिक माणसे नेली. किल्ल्यातल्या संग्रहालयात ‘मारी-सेराफिक’ या जहाजाचे जलरंगातले चित्र आहे. नावात मारिया आणि देवदूत, 1769 ची सफर. चित्रात माणसे ओळीने, एकमेकांना खेटून आडवी मांडलेली. आकडाही लिहिलेला आहे, 307.

आता प्रश्न असा की आफ्रिकेत ‘माल देऊन’ म्हणजे नेमका कोणता माल? बंदुका आणि दारू होतीच. पण त्या व्यापारात सर्वात मोठा वाटा कापडाचा होता आणि त्यातले पुष्कळसे कापड हिंदुस्थानचे होते. फ्रेंच कंपनीची जहाजे पाँडिचेरी, चंद्रनगर इथून ते आणत. छापील सुती कापडाला फ्रेंचमध्ये नावच ‘एँदियेन’, म्हणजे हिंदुस्थानी. फ्रान्समधल्या विणकरांचे नुकसान होते म्हणून सरकारने 1686 ते 1759 अशी त्र्याहत्तर वर्षे देशात त्यावर बंदी घातली होती. आफ्रिकेत पाठवायला मात्र ते चालत होते. बंदी उठल्यावर नाँतमध्येच आपल्या नकला छापणारे कारखाने निघाले.

दुसरा माल म्हणजे कवड्या. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या हिंदुस्थानमार्गे युरोपात जात. आशियातून परतणाऱ्या जहाजांच्या तळाशी वजन म्हणूनही त्या उपयोगी पडत. पुढे पश्चिम आफ्रिकेत त्याच नाणे म्हणून चालत. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो ते कशाला काही किंमत नाही अशा अर्थाने. तिथे कवड्या मोजून माणूस विकत घेत. भवानीच्या भुत्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण कवडीचा हा प्रवास मला नाँतमध्ये कळला.

नाँतने हे सारे सहजासहजी कबूल केले नाही. 1985 मध्ये, गुलामांविषयीच्या ‘काळ्या कायद्या’ला तीनशे वर्षे झाली तेव्हा, स्मृतिकार्यक्रमाला नगरपालिकेने पैसे नाकारले. 1992 मध्ये किल्ल्यात मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा कुठे कोंडी फुटली. 1998 मध्ये, गुलामी कायमची रद्द होऊन दीडशे वर्षे झाली म्हणून धक्क्यावर मुक्त गुलामाचा पुतळा बसवला, तर काही दिवसांत कोणीतरी त्याची मोडतोड केली. शेवटी मार्च 2012 मध्ये ‘के द ला फॉस’ या धक्क्यावर स्मारक उघडले. पैसे लागत नाहीत.

वर मोकळी जागा आहे आणि जमिनीत काचेच्या 2000 पट्ट्या बसवलेल्या आहेत. त्यांपैकी 1710 पट्ट्यांवर जहाजाचे नाव आणि निघाल्याचे साल, बाकीच्यांवर वाटेतली बंदरे. लोक त्यांवरून चालत जातात, सायकली थांबतात. पायऱ्या उतरून खाली गेले की धक्क्याच्या पोटात लांबट बोळ आहे. फटींतून लुआरचे पाणी दिसते, भरतीला वर येते. मी तिथे तासभर होतो.

मला त्या 1710 नावांचे आश्चर्य वाटले. ती कुठून आली? बंदराच्या कचेरीतल्या वह्यांतून. जहाज कधी निघाले, कप्तान कोण, कुठे गेले, हे कोणा कारकुनाने सुबक अक्षरात नोंदले आणि जेवायला घरी गेला. दोनशे वर्षांनी झाँ मेत्ताँ या इतिहासकाराने ते कागद पालथे घालून एकेका सफरीची यादी केली. नाँतचा खंड त्याच्या मृत्यूनंतर, 1978 मध्ये छापला गेला. मीही नोंदीच करतो. सही करण्यापूर्वी आपण काय लिहितो ते किती वेळा वाचतो?

आणि आपण गोव्यातले लोक काही बाहेरचे प्रेक्षक नव्हे. लिन्श्होटेन हा डच माणूस 1580 च्या दशकात ओल्ड गोव्यात होता. ‘रुआ दिरैता’ या हमरस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरे आणि त्यात गुलाम स्त्री-पुरुषही विकले जात, हे त्याने लिहून ठेवले आहे. मोझांबिकहून आणलेल्या माणसांची आठवण आपल्या बोलीत ‘खापरी’ या शब्दात उरली आहे, आणि तो आपण पोरांना भीती घालायला वापरतो. व्हाइसरॉयच्या कमानीखालून दिवाडीच्या फेरीबोटीकडे मी कितीदा गेलो असेन. तो रस्ता तोच, हे शाळेत आम्हाला कोणी सांगितले नव्हते. जेनेट पिंटो यांनी 1992 मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या गुलामीवर पुस्तक लिहिले, ते मी परत आल्यावर शोधून वाचायला घेतले. अर्ध्यावर आलो आहे. वाचून झाले की त्यावर स्वतंत्र लिहीन.