शेकडा दोन, पाच महिने

1996 साल. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला तुम्ही एसटीतून उतरता. माणदेशाचं कोरडं ऊन, पायाखाली फुफाटा. रस्त्याकडेला एक बाई लोखंड ठोकते आहे. तिचं बिऱ्हाड उघड्यावर. पाऊस लागायच्या आत पोरांच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा, म्हणून तिला रोजच्या कमाईतले थोडे पैसे बाजूला टाकायचेत. बँकेने ‘एवढ्याशा रकमेचं खातं नाही’ म्हणून तिला परत पाठवलंय. ती उसने मागत नव्हती. स्वतःचेच पैसे ठेवायला गेली होती.

तिच्यासारख्या बायांना घेऊन सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी बायांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. कारण, प्रवर्तक सभासद निरक्षर. सह्यांच्या जागी अंगठे.

मग बाया लिहा-वाचायला शिकू लागतात. तुम्ही त्यांच्या साक्षरता वर्गात मागे बसा. शेजारणीच्या बोटांना खुरप्याचे घट्टे पडलेत. ‘क’ची गाठ वळवताना पेन्सिल मोडते. हळूच विचारा, “मावशी, साडेसातशे रुपये, महिन्याला शेकडा दोन, पाच महिन्यांचं व्याज किती?”

पाटीवरून मान वर न करता ती म्हणते, “पंच्याहत्तर. मुद्दल येगळं.”

सावकाराच्या दारात जन्म गेला की हिशेब शिकवावा लागत नाही.

पाच महिन्यांनी याच बाया रिझर्व्ह बँकेत जातात. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं विचारतात. कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला काढायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला लावा, असं थेट आव्हान देतात. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू होते.

आता काउंटरपाशी या. पासबुक हातात पडताच एक बाई ते परत सरकवते. “हितंच ऱ्हाऊ द्या, ताई. घरी दिसलं तर मालक पैसं काढून न्हेतील.” अशा बायांसाठी बँकच पुढे त्यांच्या दारात, बाजारात जाऊन पैसे गोळा करू लागते.

तुमचं पासबुक घरच्या कपाटात बिनधास्त पडलेलं असतं. ते आठवत तुम्ही रांगेत थांबा. पुढची बाई सही करते आहे. तिला वेळ लागेल. घाई करू नका.