सौर वादळाच्या पानामागे

मुलांसाठी अवकाशमोहिमांचं सचित्र पुस्तक म्हटलं की त्यात सौर वादळाचं एक पान ठरलेलंच. डावीकडे ज्वाला ओकणारा सूर्य, उजवीकडे निळी पृथ्वी, मध्ये एखादा उपग्रह. पण पहिला उपग्रह उडाला १९५७ साली. सूर्य खवळला की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, हे त्याच्या कितीतरी आधीच कळलेलं होतं. त्या पानाचा माग काढत गेलं की आपण अलिबागला पोचतो, आणि तिथून समुद्र ओलांडून मुंबईच्या कुलाब्याला.

कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत असताना त्याला अचानक लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सुमारास, कुलाब्याच्या नोंदीत सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण झाली. शंभराच्या पुढे गेली तरी वादळ तीव्र समजतात! इंग्लंडमध्ये फोटोच्या कागदावर आपोआप उमटणारी रेघ त्या दिवशी कागदाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी पट्टी वाचून आकडे वहीत लिहीत होती, म्हणून नोंद हाती राहिली. २००३ मध्ये शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांच्यासोबत याच आकड्यांवरून त्या वादळाची ताकद मोजली. आपल्या कारकुनी चिकाटीला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मग मुंबईत विजेच्या ट्रामचा घाट घातला गेला. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या विजेने चुंबकाच्या नोंदी बिघडणार, हे उघड होतं. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला, तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याच्या मुख्य गावी. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं. इमारतीला पोरबंदरी दगड वापरला, तोही चुंबकत्व तपासून. लोखंड टाळून तांबं-पितळ आणि सागवान घेतलं. मुद्दा साधा होता: वेधशाळेच्या भिंतीनेच काटा हलला, तर सूर्याचं काय ऐकू येणार? घाईने जागा बदलली असती तर जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसला नसता, म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर चुंबक अलिबागला बस्तान बसवून होते.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आज हेच काम पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचा भारताचा सौर उपग्रह ‘आदित्य-एल१’ही करतो, त्याच्यावर चुंबकत्व मोजणारं यंत्र आहे. योगायोग असा की त्याचं उड्डाणही २ सप्टेंबरचंच, २०२३ सालचं. पण उपग्रह वादळ येताना सांगतो. ते जमिनीवर पोचून काय करतं, हे अजून जमिनीवरच मोजावं लागतं. अलिबागला त्या नोंदी भारतीय भूचुंबकत्व संस्था आजही घेते, आणि तिचं मुख्यालयही रायगडातच, नवीन पनवेलला आहे.

बालपुस्तकांच्या चित्रकारांना एवढंच सांगणं: पुढच्या आवृत्तीत त्या पानाच्या कोपऱ्यात पोरबंदरी दगडाची एक बैठी खोलीही काढा.