कुंडलिकेचं पाणी, कुड्याची लेणी आणि आपलं पडीक खाचर



वाल शेंगेवर आलाय, पोपट्या लागायला लागल्यात. शेताची नोंद नेहमीसारखी देणारच आहे, पण आज थोडा इतिहास. कारण गेल्या रविवारी कोलाडला बहिणीकडे गेलो आणि एक प्रश्न डोक्यात घेऊन परत आलो.

माझा भाचा कुंडलिकेवर राफ्टिंगच्या बोटीवर गाईड आहे. त्या दिवशी मुंबईचं एक कुटुंब आलं होतं. त्यांचा मुलगा नुकताच मध्य अमेरिकेत फिरून आलेला. तिकडे म्हणे आठ-दहा दिवसांची सहल असते. सकाळी नदीत बोटी, दुपारी दाट जंगल, दुसऱ्या दिवशी माया लोकांची जुनी शहरं. मोबाईलवर फोटो दाखवले त्याने. झाडांच्या शेंड्यांवरून वर निघालेली दगडी देवळं, ग्वातेमालातलं टिकाल. बघून खरंच डोळे फिरतात. मग तो पोरगा भाच्याला म्हणाला, "तुमच्याकडे नदी भारी आहे, पण असं जुनं काही नाही ना?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी दहावी शिकलेला माणूस, पण एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, जेवून घ्या, गाडी काढा, चला माझ्याबरोबर.

जायच्या आधी नदीबद्दलच सांगितलं. कारण कोकणातल्या नद्या जानेवारीत कशा असतात ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. गुडघाभर पाणी, बाकी गोटे. मग कुंडलिकेला सकाळी सकाळी एवढा जोर येतो कुठून? तर हे पाणी मुळात कोकणातलं नव्हेच. हे घाटावरच्या मुळशीचं पाणी. सरळ वाहत गेलं असतं तर मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं. सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली. वीज करून पाणी सुटतं, नदी भरते आणि मग भाच्याच्या बोटी निघतात. पुढे तेच पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात शिरतं आणि रोहा-माणगावकडच्या खाचरात दुसरं भात पिकतं. म्हणजे पाहुण्याची बोट आणि शेतकऱ्याचं उन्हाळी रोप एकाच पाण्यावर.

आणि ते पाणी फुकट आलेलं नाही. मुळशीच्या खोऱ्यात पन्नासेक गावं होती. आंबेमोहोर भाताची जमीन ती. धरणाला विरोध म्हणून १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. 'सेनापती' ही पदवी बापटांना याच लढ्यात मिळाली. १९२४ पर्यंत लढा चालला, लोक तुरुंगात गेले, पण धरण झालंच. जमिनी बऱ्याचशा सावकारांकडे अडकलेल्या, त्यामुळे भरपाईचा मोठा वाटाही सावकारांच्या हातात गेला. शंभर वर्षं होऊन गेली. आपण त्या पाण्यावर भात लावतो, पाहुणे त्यावर आरोळ्या मारतात. दोन्हीत वाईट काही नाही. पण कुणाची खाचरं त्याखाली गेली, एवढं तरी माहीत असावं.

हे ऐकून गाडीत सगळे जरा गप्प झाले. मग आम्ही कुड्याला पोचलो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळा तालुक्यात मांदाडजवळ कुडे गाव. टेकडीवर एकूण २६ बौद्ध लेणी, खाली राजपुरीची खाडी. साधारण १८०० ते २००० वर्षांपूर्वी खोदायला घेतली, काही मूर्तिकाम त्यानंतर तीनशे-चारशे वर्षांनी झालं. सहाव्या लेण्यासमोर दगडी हत्ती आहेत आणि ओसरीत स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्यात. त्यांचे दागिने, डोक्याची बांधणी बघत उभं राहावं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात या किनाऱ्यावरच्या मंदगोरा नावाच्या बंदराचा उल्लेख आहे. काही अभ्यासक ते मांदाडच मानतात. खाडीचं तोंड बघितलं की पटतं. गलबतं इथपर्यंत येत असणार आणि माल घाटावर चढत असणार.

पण मला तिथे सगळ्यात आवडतात ते शिलालेख. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. वाचता आपल्याला येत नाहीत, पण विद्वानांनी वाचून ठेवलेत. त्यात इथले राज्यकर्ते महाभोज आहेतच. पण त्यांच्याबरोबर कोण कोण आहे बघा. एक माळी आहे, शिवपिरित नावाचा, वधुक माळ्याचा मुलगा. करहाकड, म्हणजे आजचं कऱ्हाड, तिथला लोखंडाचा व्यापारी महिक आहे. सोमदेव नावाचा वैद्य आहे आणि त्याच्या लेखात मुलांबरोबर मुलींचीही नावं कोरलीत. लेखनिक आहे, सार्थवाह आहे. पदुमनिका नावाची भिक्षुणी आहे, तिने आपल्या शिष्यांसह लेणं आणि पोढी दिली. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं.

आता शेतकऱ्याच्या डोळ्याने बघा. एका माळ्याला लेणं दान करता आलं, म्हणजे त्याच्या मळ्यात शिल्लक पडत होती. ती शिल्लक जमीन, पाणी आणि बाजार या तिन्हीतून आली. टेकडीवरच्या भिक्षूंना खायला लागत होतं, ते खालच्या खाचरातून वर जात होतं. लेणं दगडात आहे म्हणून टिकलं, पण चाललं ते भातावर.

हे मी मनाने सांगत नाही. नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर, आपण पांडवलेणी म्हणतो तिथे, तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी राजाचा लेख आहे. त्याच्या राज्याच्या २४ व्या वर्षाचा. मतलब असा, की डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी एका गावात शेत दिलं होतं, पण आता ते शेत कुणी कसत नाही आणि गावात वस्तीही राहिली नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून १०० निवर्तनं शेत द्यावं. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. शिवाय त्या शेतात सरकारी माणसाने शिरू नये, मिठासाठी कुणी खणू नये, अशा सवलतीही लिहिल्यात. मिठाचं वाचून मला आपली पेणकडची मिठागरंच आठवली.

शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. हे दगडावर लिहून जवळजवळ १९०० वर्षं झाली. वाचलं आणि आपल्याच तलाठ्याने सांगितल्यासारखं वाटलं मला.

तो मुलगा मग त्याच्या टिकालचं सांगायला लागला. मी पण थोडं वाचलेलं होतं. टिकालजवळ मोठी नदी नाही. पावसाळ्यात भरपूर पाऊस आणि मग काही महिने कोरडे. अगदी आपल्यासारखंच दुखणं. म्हणून माया लोकांनी चौक आणि अंगणं फरसबंद करून उतार दिले आणि पावसाचं पाणी मोठ्या तलावांत साठवलं. बेलीझमध्ये काराकोल नावाचं शहर होतं, तिथे डोंगरउतारावर मैलोन् मैल बांध घालून शेती केली. काही ठिकाणी दलदलीत चर खणून मधली माती उंच केली आणि त्यावर पिकं घेतली. आपल्या खाजणात बांध घालून खारी जमीन लागवडीखाली आणली, त्याचंच हे लांबचं भावंड. मका, घेवडा, भोपळा ही त्यांची मुख्य पिकं. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, पेरायचा, मग सोडून द्यायचा. आपल्याकडे डोंगरावर ठाकूर-कातकरी दळी करत, तोच प्रकार.

आणि एक गंमत. आपण ज्याला घरचं झाड समजतो तो चिकू तिकडचा. त्याचं लाकूड फार टणक. टिकालच्या देवळांच्या दारांवरच्या कोरीव तुळया याच लाकडाच्या आहेत, बाराशेहून जास्त वर्षं टिकल्यात. मिरची, पपई, पेरू, मका हेही त्याच बाजूचे. पोर्तुगीजांच्या जहाजांनी यातलं पुष्कळसं आपल्या किनाऱ्यावर आलं. चौल-रेवदंडा काही लांब नाही. आपल्या वाडीतला अर्धा भाजीपाला म्हणजे मायांकडची आठवण आहे.

मग ती शहरं ओस का पडली? एकच कारण नाही. लढाया झाल्या, राजांची सत्ता मोडली, लोक वाढले. आणि नवव्या शतकाच्या आगेमागे लांबलचक अवर्षणं पडली. तळी आटली, मका पिकेना, माणसं उठून गेली. जंगलाने शहर गिळलं. पण माया लोक संपले नाहीत बरं का. ग्वातेमाला, मेक्सिको, बेलीझमध्ये आजही त्यांची लाखो माणसं आहेत आणि त्यातली पुष्कळशी अजून मका लावतात. जी मोठी शहरं बघायला विमानाने लोक जातात ती रिकामी आहेत. जिवंत राहिलं ते साधं शेत.

कुड्याच्या टेकडीवर बसून खाडीकडे बघताना मी हेच त्या पोराला म्हणालो. आपल्या भागात साहसाला काही कमी नाही. सकाळी कुंडलिका, दुपारी कुडा, दुसऱ्या दिवशी फणसाड. ते अभयारण्य १९८६ साली झालं, त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. तिथे शेकरू दिसतं, गारंबीच्या वेली दिसतात. अंगात जोर असला तर रोह्याचा अवचितगड आणि घोसाळगड आहेत. तुमच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत जे आहे, ते इथे तीन दिवसांत होतं आणि विमान लागत नाही.

पोरगं हसलं. त्याची आई मात्र खाली शिवाराकडे बघत होती. तिने विचारलं, "ती मधली शेतं पिवळी का पडलीत? पीक काढलंय का?"

मी म्हटलं, नाही. ती लावलीच नाहीत.

हे बोलताना मला माझंच लाजल्यासारखं झालं. कारण मंडळी, पेणच्या माझ्या खारीतली दोन खाचरं मी स्वतः दोन वर्षं लावलेली नाहीत. उधाणाच्या भरतीने बाहेरच्या बांधाला खांड गेली, खारं पाणी आत आलं. पूर्वी गावातली माणसं मिळून बांध धरायची. आता माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, मुलगा नोकरीला. फार्महाऊससाठी विचारणारा येऊन गेला आहे. दर चांगला बोलला. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

येताना गाडीत तो नाशिकचा लेख डोक्यात फिरत होता. राजाला दुसरं शेत देता आलं. आपल्याला दुसरं कोण देणार?

तर सध्या एवढं ठरवलंय. खांड शेजाऱ्यांना घेऊन उन्हाळ्यातच बांधून काढायची, पावसाच्या तोंडावर नको. पावसाचं गोडं पाणी खाचरात साठवून पुन्हा पुन्हा बाहेर सोडायचं, म्हणजे वरचा खार धुतला जाईल. आणि दोनपैकी एका खाचरात पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं खार सोसणारं भात लावायचं. पनवेल-३ बघतोय. ज्यांनी केलंय त्यांनी रोप किती दिवसांचं लावलं आणि उतारा कसा पडला ते सांगा. कृषीच्या मंडळींनीही सांगा, माती तपासल्याशिवाय उडी मारू की नको?

भाच्यालाही तीन गोष्टी सांगून आलोय. पाहुण्यांना बोटीत बसवताना हे पाणी मुळशीचं आहे हे सांग. कुड्याला नेलंस तर अक्षरांवर खडू, पाणी काही लावू देऊ नकोस, पोढीत कुणाला उतरू देऊ नकोस. आणि शिवपिरित माळ्याचं नाव घे. राजांची नावं घेणारे पुष्कळ आहेत.

पुढच्या नोंदीत वालावरचा मावा. राम राम.