धारेचं पाणी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘इतिहास’ या विषयावर काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला. मी इतिहासाची अभ्यासक नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, एवढंच. पण माहेर लोणारचं. त्यामुळे इतिहास म्हटला की मला राजेरजवाडे आठवत नाहीत. पहाटेचा गारठा, डोक्यावरची चुंबळ आणि गोमुखातून पडणारी धार आठवते.

लोणारचं सरोवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. बुलढाण्याहून चिखली, मेहकर करत आपली पहिली सहल तिथेच गेली होती. उल्कापातानं बेसाल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण त्याच्या दोन शतकं आधी अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकरच्या या मुलखाचं वर्णन आलेलं आहे. इथे काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस मिळतात, इथलं पाणी खारट आहे, पण काठाचं पाणी गोड आहे, असं त्यात म्हटलंय. काठाचं ते गोड पाणी वाचलं की मला आमची धारच डोळ्यांपुढे येते.

तळं खारट आणि काठावरचा झरा गोड, हे कसं? शाळेत मुलं हा प्रश्न हमखास विचारायची. आपला सगळा भाग लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. पावसाचं पाणी वरच्या भेगाळ, सच्छिद्र खडकातून खाली मुरतं. खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि विवरानं जिथे हे थर कापले आहेत, तिथे बाहेर पडतं. हेच झरे. ते पाणी उतारानं तळ्यात जातं. तळ्यातून मात्र बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हानं उडून जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

माझी खरी आठवण १९७२ च्या दुष्काळाची. मी तेव्हा नऊ वर्षांची. गल्लीतल्या आडात पोहरा सोडला की नुसता गाळ वर यायचा. आत्या मला पहाटे चारला उठवायची. पितळी गुंड तिच्या डोक्यावर, छोटी कळशी माझ्या कमरेवर. आंघोळीला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत पिण्याचं पाणी भरायचं, हा शिरस्ता. मी घाईनं कळशी कलती धरली की निम्मं पाणी बाहेर सांडायचं. आत्या म्हणायची, “हळू भर वं माय, धार कुठं पळून चालली?”

रांगेचे नियम कुणी लिहून लावले नव्हते. एका बाईनं एकच खेप भरायची, दुसरी हवी तर पुन्हा रांगेच्या शेवटी. ज्या घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल, त्यांना आधी. भांडणं व्हायची, नाही असं नाही. पण नियम मोडून कुणी भरलं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळायचं.

हे लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाण्याला फार उशिरा लागला. जुन्या काळात आपल्या वऱ्हाडातच काय, सगळ्या महाराष्ट्रात पाणवठ्यावर सगळ्यांना सारखी जागा नव्हती. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट सर्वांना खुले झाले. म्हणून आमच्या त्या रांगेचं कौतुक करताना, त्याआधी किती जण रांगेबाहेर उभे राहिले असतील, हेही मला आठवावं लागतं.

आता आपल्या सोसायटीकडे येते. आपली नोंदणी २००० सालची. लोणार अभयारण्य जाहीर झालं तेही त्याच वर्षी. जुन्या सभासदांना २००४ चा उन्हाळा आठवत असेल. बोअर आटली, टँकर सुरू झाले, आणि कालपर्यंत एकमेकांकडे वाटीभर साखर मागणारे आपण जिन्यात मोठमोठ्यानं बोलू लागलो. ठरलं होतं की घरटी सकाळी चार बादल्या. एका रात्री मी गुपचूप खाली जाऊन टाकीतून आणखी दोन भरल्या. हो, मीच. सासूबाई आजारी होत्या, हे कारण माझ्यापाशी होतं. आई तेव्हा माझ्याकडे आली होती. बादल्या पाहून ती एवढंच म्हणाली, “आजारी माणसाला रांगेत आधी नंबर मिळतो. मग चोरून कशाला आणलंस?”

दुसऱ्या दिवशी मी ते सभेत सांगितलं. कुणी रागावलं नाही. उलट आणखी दोन घरांनी आपलंही सांगून टाकलं! त्या दिवसापासून आपल्याकडे धारेचाच नियम लागू झाला. आजाऱ्याचं घर आधी, बाकी सगळे सारखे. तो उन्हाळा आपण निभावला.

लोणारचं नाव आता जगभर गेलंय. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. पण झऱ्याचं पाणी दर्जावर येत नाही. काठावरच्या जमिनीत पाऊस मुरला तरच ते येतं. मुरण्यापेक्षा उपसा जास्त झाला, तर कोणताही झरा आणि कोणतीही बोअर टिकत नाही.

येत्या वार्षिक सभेत दुसऱ्या बोअरचा ठराव आहे. माझा त्याला विरोध नाही, पण आधी गच्चीचं पाणी जमिनीत मुरवू या. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी नऊशे लिटरहून जास्त पाणी मिळतं. आपण ते पंचवीस वर्षं गटारात सोडलं. माझ्या आत्यानं ते पाहिलं असतं, तर तिनं आपल्याला सोडलं नसतं.

यंदाची सहल पुन्हा लोणारला काढावी, अशी माझी सूचना आहे. नातवंडांना तळं दाखवूच. पण आधी धारेपाशी थांबू, ओंजळ भरून घेऊ, आणि घेतल्यावर मागच्याला जागा करून देऊ.