दंगा कीं लढा? हैदराबाद संस्थानांतील बातम्यांची कथा

बीड तालुक्यांतील लिंबागणेश हें भालचंद्र गणपतीचें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. पश्चिमेस नगर जिल्ह्याची हद्द ओलांडली कीं मुंबई प्रांत लागे. दोन्हीकडे भाषा मराठीच. पण एकाच घटनेची बातमी हद्दीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी असे.

१९३८ मध्यें हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वींच बंदी आली. सरकारनें तिला जातीय संस्था ठरविलें. तिची मागणी मात्र जबाबदार राज्यपद्धतीची होती. ही बाजू मांडण्यासाठीं आनंद कृष्ण वाघमारे यांनीं पुण्याहून ‘मराठवाडा’ हें पत्र सुरू केलें. संस्थानांत त्यास बंदी झाली, तेव्हां तें नवनव्या नांवांनीं निघत राहिलें.

‘रझाकार’ या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. खेडोपाडीं मात्र त्या नांवाची दहशत होती. हद्दीपलीकडील कांहीं पत्रांनीं हा सारा झगडा हिंदु-मुसलमानांचा म्हणून रंगविला. तें चित्रहि अपुरें होतें. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांनीं हैदराबाद शहरांत राहूनच रझाकारांविरुद्ध आणि भारतांत विलीन होण्याच्या बाजूनें लेखणी चालविली. १९४८ च्या ऑगस्टमध्यें त्यांची हत्या झाली; मारेकऱ्यांनीं त्यांचा हातहि तोडला.

त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागती पत्करली. रणगाड्यांसह झालेल्या या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ हें नांव मिळालें आणि तेंच वृत्तपत्रांत रूढ झालें. या कारवाईच्या वेळीं आणि नंतर मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीनें केली. कमींत कमी २७ ते ४० हजार माणसें प्राणांस मुकलीं, असा तिचा अंदाज होता. अधिक झळ पोहोंचलेल्या जिल्ह्यांत बीडचेंहि नांव होतें. तो अहवाल अनेक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं.

निजामाचा जुलूम खरा होता, प्रजेचा लढा न्याय्य होता आणि त्या हत्याहि घडल्या होत्या. छापलेलें खोटें आज ना उद्यां उघडकीस येतें. न छापलेलें सत्य मात्र पिढ्यान्‌पिढ्या दडून राहूं शकतें. म्हणून मराठवाड्याचा इतिहास वाचतांना, कोणत्या पत्रानें काय लिहिलें याच्या जोडीनें, त्यानें काय वगळलें हेंहि पाहणें अवश्य आहे.