काचपेटीतील समुद्र

पोवळे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मंगळाची अंगठी उभी राहते, किंवा आजीच्या गळ्यातील ती तांबडी, मण्यामण्यांची माळ. हे पोवळे आपल्या किनाऱ्यावरचे नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी ते भूमध्य समुद्रातून गलबतांवर चढून भडोचसारख्या बंदरांत उतरत असे आणि येथील मिरी व कापड तिकडे जात असे. ज्यास आपण रत्न म्हणून अंगावर वागवतो तो एका क्षुद्र प्राण्याचा सांगाडा होय, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरूनही गेलो. परंतु तोच प्राणी, किंवा त्याचा भाऊबंद म्हणा, जिवंतपणी माणसाच्या दिवाणखान्यात नांदू शकतो, हे मी जेव्हा प्रथम पाहिले तेव्हा, श्रोतेहो, मला खरोखरच अचंबा वाटला.

पाहिले ते मुलुंडास. आता मुलुंडास समुद्र कोठला? पश्चिमेस डोंगर, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि तिचा चिखल. तरीही माझ्या एका स्नेह्याच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी काचेची पेटी भरलेली आहे आणि तीत समुद्र आहे. पाणी सुमारे सहाशे ऐंशी लिटर. म्हणजे केवळ पाण्याचेच वजन सतरा मणांहून अधिक. त्यात काच व दगड मिळवा, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची चिंता अनाठायी नव्हती हे आपणांस पटेल. पेटी भिंतीलगत, तुळईवर ठेवावी असा सल्ला इमारतीच्या इंजिनियरांनी दिला व तो पाळला गेला.

या पेटीत खाडीचा किंवा चौपाटीचा एक थेंबही नाही. मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी गाळाने गढूळ, सांडपाण्याने दूषित, आणि पावसाळ्यात खाड्यांचे गोडे पाणी मिसळल्याने त्याचे खारटपणही उतरते. म्हणून हा समुद्र तयार होतो तो भातसा आणि वैतरणेच्या पाण्यापासून! शेजारच्या भांडुपला शुद्ध झालेले ते पाणी नळाने घरी येते. मग एका यंत्राच्या बारीक पडद्यातून गाळून त्यातील सर्व क्षार काढून टाकावयाचे आणि नंतर दर लिटरला पस्तीस ग्रॅम या मानाने समुद्री क्षार पुन्हा घालावयाचे. एकदा पेटी भरावयाची तर चोवीस किलो मीठ लागते. हे स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार त्यात ठराविक प्रमाणात असावे लागतात. आधी काढा आणि मग घाला, हा उद्योग गृहिणींस वेडेपणाचा वाटेल. माझ्या स्नेह्याच्या पत्नीसही वाटला होता.

या वेडाचा इतिहास मात्र एका गृहिणीपासूनच सुरू होतो. सन १८४६ मध्ये इंग्लंडच्या टॉर्की गावी अ‍ॅना थिन नावाच्या बाई उन्हाळ्यात राहावयास गेल्या होत्या. यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठ्या हुद्द्यावरील धर्माधिकारी. समुद्रकाठच्या खडकांवर बाईंनी लहान पेल्यासारखी जिवंत प्रवाळे पाहिली आणि ती लंडनला नेण्याचे मनात घेतले. प्रवासात ती आदळू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने त्यांस एका मोठ्या स्पंजावर टाचून टाकले आणि पाण्याच्या बरणीत ठेवून घरी आणले. पुढे अडचण आली ती पाण्याची. समुद्राचे पाणी लंडनमध्ये रोज कोठून आणावे? तेव्हा बाईंनी अशी युक्ती केली की तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतावयाचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे ओतण्याचे काम घरच्या मोलकरणीकडे असे. पुढल्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रवनस्पतीही घातल्या. प्रवाळे सुमारे तीन वर्षे जगली, त्यांस पिलेही झाली. प्रवाळ पाळण्याच्या इतिहासात बाईंचे नाव आदराने घेतले जाते. पाणी ओतून ज्या हातांना रग लागली त्यांचे नाव कोणी घेत नाही, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही.

वनस्पती प्राण्यांस प्राणवायू पुरवितात, हा हिशेब रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये विद्वानांपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिबागेत मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले, आणि कृत्रिम समुद्रजलाची त्यांची कृतीही त्याच वर्षीची. मुलुंडच्या त्या चोवीस किलो मिठाचे मूळ हे असे पावणेदोनशे वर्षांच्या घरात जाते. गॉस यांचे पुस्तक वाचून घरोघर काचपेट्या झाल्या आणि लोक टोपल्या व छिन्न्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरले. पुढे त्यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ मधील आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले की, वडिलांनी ज्या खडकांतील डबक्यांचे सौंदर्य जगाला दाखविले ती डबकी त्या दाखविण्यानेच उजाड झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

आपल्या देशात १९०९ मध्ये मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर सार्वजनिक मत्स्यालय निघाले. मुंबईस ते भाग्य १९५१ मध्ये लाभले. चर्नी रोड स्टेशनासमोरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. बोरिवली, घाटकोपरची मुले सुट्टीत आगगाडीने तेथे जात आणि ताटातील नव्हे तर पाण्यातील मासा प्रथम तेथेच पाहत. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. २०२० च्या साथीत त्याची दारे मिटली.

मासे जगविणे साधले, तरी उष्ण समुद्रातील प्रवाळ मात्र माणसाच्या हाती शंभर वर्षे टिकेना. कारण तो प्राणी एकटा नसतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानास देते. प्रकाश कमी पडला की भाडेकरूही उपाशी व घरमालकही. शिवाय माशांच्या मलमूत्रातून होणारा अमोनिया प्रवाळास विषासमान. या कोड्याची एक बाजू १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थाने लेख लिहून जगापुढे मांडली. त्याची रीत अगदी साधी होती: समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले जिवंत दगड. दगड जिवंत कसा? त्याच्या छिद्राछिद्रांत जे जंतू राहतात तेच अमोनियाचे विष उतरवितात. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी या दगडांस प्रखर दिव्यांची, चुन्याच्या निवळीची आणि फेस करून पाण्यातील मळी काढणाऱ्या यंत्राची जोड दिली, आणि प्रवाळ घरात केवळ जगू नव्हे तर वाढू लागले. एका फांदीचा तुकडा मोडून स्नेह्यास द्यावा, त्याने वाढवून पुढे द्यावा, तुळशीच्या रोपासारखा, अशी चाल तिकडे पडली. चुन्याची निवळी ही वस्तू आपल्या आजीबाईंच्या बटव्यातील. तिचा हा उपयोग आपणांस सुचला नाही एवढेच.

मुंबईत या सर्वांवर आणखी एक खर्च बसतो तो उष्म्याचा. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवावे लागते. आपल्याकडे वैशाखात खोलीच चौतीसवर. म्हणून शीतयंत्र अहोरात्र चालते, आणि सारा समुद्र विजेच्या तारेला टांगलेला असतो. ती तार तुटली म्हणजे काय होते ते १२ ऑक्टोबर २०२० रोजी दिसले. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. माझ्या स्नेह्याच्या पेटीतील पंप बंद झाले. बॅटरीवरील लहानसा बुडबुड्यांचा पंप दुपारपर्यंत चालला आणि बंद पडला. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. तेव्हा घरातील सर्वांनी पाळी लावली: तांब्याने पाणी घ्यावयाचे आणि हातभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतावयाचे. संध्याकाळी वीज येईपर्यंत हे चालले. दोन मासे गेले, बाकीचे वाचले. वेस्टमिन्स्टरच्या मोलकरणीची हकीकत मी त्यांस सांगितली ती त्यानंतर, ऐकून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “तिला पगार तरी मिळत असेल.”

या पेटीत आपण ज्यांस पोवळी म्हणतो ती दगडी, फांद्यांची प्रवाळे नाहीत. दगडही समुद्रातले नव्हेत, सिमेंटचे आहेत; त्यांत जंतूंची वस्ती होण्यास सहा महिने वाट पाहावी लागली. याचे कारण कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे घालण्यात आली. ज्या परिशिष्टात वाघ, त्यातच ही. अशा गुन्ह्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. एका दुकानदाराने माझ्या स्नेह्यास हिरव्या फांदीचे प्रवाळ देऊ केले. त्यांनी शास्त्रीय नाव व कागदपत्र विचारले, तेव्हा दुकानदार नुसता हसला. स्नेही परत आले, आणि यादीत ज्यांचे नाव नाही अशा मऊ, छत्रीसारख्या जातींवर त्यांनी समाधान मानले.

त्यांची तक्रार मात्र आहे, आणि ती मी येथे प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, घरातच वाढलेल्या फांदीचा तुकडा घेतल्याने समुद्राचे काय जाते? तिकडे युरोपात चालते ते येथे गुन्हा का? प्रश्न अगदीच पोकळ नाही. परंतु प्लास्टिकच्या पिशवीतला तुकडा घरात वाढलेला की मन्नारच्या आखातातून छिन्नीने काढलेला, हे दुकानात ओळखणार कोण? डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरलेली माणसेही सज्जनच होती, पुस्तक वाचणारी होती. मी कायद्याच्या बाजूचा आहे. स्नेह्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

माशांपुरता तरी एक चांगला मार्ग निघाला आहे, आणि तो मुलुंडच्या खाडीपलीकडेच. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिश या नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाची पैदास करण्यात आली. प्रवाळखडकांतून धरून आणलेल्या माशाऐवजी टाकीत जन्मलेला मासा मिळू लागला, तर हौसेतील पाप पुष्कळ कमी होईल.

आणि मुंबईच्या समुद्रात प्रवाळ नाही असेही नव्हे. २०२० मध्ये सागरी किनारा रस्त्याच्या कामाआड आलेल्या अठरा प्रवाळ वसाहती, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, वरळी व हाजी अलीच्या खडकांवरून हलवाव्या लागल्या, तेव्हा कित्येक मुंबईकरांस त्या तेथे होत्या हे प्रथम कळले. गेल्या हिवाळ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवशी स्नेह्यांनी मला भल्या सकाळी दक्षिणेकडच्या खडकांवर नेले. गुडघाभर गढूळ पाणी, शेवाळ, कालवांच्या धारा. एका कपारीत त्यांनी बोट दाखविले. अंगठ्याच्या नखाएवढी, मळकट तपकिरी, दगडाशी घट्ट चिकटलेली ती चकती मी चष्मा पुसून दोनदा पाहिली. शीतयंत्र नाही, दिवा नाही, मोजून घातलेले मीठ नाही. स्नेही बराच वेळ ओणवे होऊन पाहत राहिले. भरती चढू लागली तेव्हा मीच त्यांस हाक मारली.